उंबऱ्यावरचा रुपया

हुबळीच्या बाजारात सोनाबाईच्या कानाला सराफसुद्धा मान देत. नवरा गेल्यावर ती दीर विठ्ठलच्या जोडीनं तेलाच्या दुकानात बसायची. गिऱ्हाइकानं रुपया दिला की फरशीवर आपटून ऐकायची. खणखणला तर गल्ल्यात. नाहीतर उंबऱ्यावर ठेवून मधोमध खिळा. खोटं नाणं पुन्हा बाजारात फिरू नये, ही त्या दुकानाची रीत. असे कैक रुपये उंबऱ्याला काळवंडून पडले होते.

दुसऱ्या महायुद्धाचं साल. अळणावर गावच्या एका लाकूडवाल्यानं नवाकोरा रुपया दिला. आपटला तर फुटक्या मडक्यागत बद्द वाजला. सोनाबाईनं चारचौघांदेखत खिळा ठोकला, तो नेमका नाण्यावरच्या इंग्रज बादशहाच्या गालात.

दोन दिवसांनी दवंडी आली. टांकसाळीनंच रुपयातली चांदी कमी केलीय, नवा रुपया खरा आहे, नाकारील तो तुरुंगात जाईल.

सोनाबाईनं उंबऱ्यावरच्या त्या रुपयाकडं बघितलं. जुन्या काळ्या नाण्यांत तो एकटाच लखलखत होता.

"भावजी, उपटा की तो!"

"दिवसाढवळ्या? सगळा बाजार बघतोय. तुम्हीच ठोकलात वहिनी, आता तुम्हीच बसा त्याच्यावर."

ती खरंच बसली. लुगडं पसरून, उंबरा झाकून. आणि नेमका हवालदार भीमसेन समोर.

"सरका की अक्का, तेल न्यायचंय."

"पाय धरलाय रे अण्णा. भावजी देतील हितंच."

भीमसेननं खिशातनं नवा रुपया काढला. "पगारातला हाय. कुणी घेईना. तुम्हीच ऐकून सांगा, खरा का खोटा?"

शेजारपाजारचे दुकानदार माना काढून बघू लागले. सोनाबाईनं रुपया आपटला. बद्द! सारा जन्म ऐकणारा कान ओरडत होता, खोटा, खोटा. खालनं खिळ्याचं डोकं मांडीला टोचत होतं.

"खरा हाय," ती म्हणाली.

"ऐकलं का रे?" हवालदार बाजाराकडं वळून गरजला. "सोनाक्का खरा म्हणाली!"

तो गेल्यावर ती उठली, तर लुगडं खिळ्यात अडकून टर्रकन फाटलं. दिवेलागणीला विठ्ठलनं पकडीनं रुपया उपटला नि विहिरीत टाकला.

त्यानंतर कुणी नाणं ऐकायला आणलं की ती म्हणायची, "माझा कान गेला बाबा, टांकसाळीला विचार." आणि रस्त्यावर खाकी दिसली की हातातलं माप टाकून यायची नि उंबऱ्यावरच्या त्या रिकाम्या भोकावर लुगडं पसरून बसायची.