नदीपलीकडचा पास

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. बापाजवळ तर शक्यच नव्हतं. तुमच्याजवळ बोलतो आहे, तेही अडखळत. कुठून सुरू करावं? शिकारीपासून करतो. तेवढं सोपं आहे.

ऐंशीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं. मी आरमोरीकडचा, बौद्ध घरातला, घरातला पहिला नोकरदार. सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी एका लहानशा गावात मला शाळा मिळाली. एक खोली, एक मास्तर. गावात गोंडी चालायची, बाजारात तेलुगू, आणि माझी मराठी शाळेच्या भिंतींच्या आत. पहिलं वर्ष मी जवळजवळ मुका होतो. त्या दिवसांत मला मल्लू भेटला.

मल्लू गोंड, माझ्याच वयाचा. शाळेमागे त्याचं घर, घरात तो आणि त्याची बायको सोमी. जंगलात हिंडून आणि बाजारच्या लोकांत राहून तो माझ्याशी बोलण्याइतकी मराठी शिकला होता. लिहिता-वाचता मात्र काहीच येत नव्हतं. तो बांबूचं धनुष्य करायचा, त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. एकदा त्यानं ते माझ्या हातात दिलं. मी ताणलं, आणि — काय सांगू — पुस्तकाबाहेरचं काहीतरी मला पहिल्यांदा जमलं. मग दोन वर्षं शाळा सुटली की मी तणसाच्या पेंढीवर बाण मारत होतो. चाळीस पावलांवरून चुकेनासा झालो. हे सांगताना अजून छाती फुगते. त्याचीच लाज वाटते.

पेंढीनं माझं भागेना. मला रानकोंबडा हवा होता.

फागुनात मोहाची फुलं गळायला लागली की रानकोंबडे माजावर येतात. तेव्हा आपला पाळीव कोंबडा पायाला दोरी बांधून रानात बसवायचा. तो आरवला की जंगलातला खरा कोंबडा खवळून भांडायला येतो — आणि आपण झुडपात. आमच्या बाजूच्या रानात पाखरं कमी झाली होती, आणि इथला जंगलखात्याचा नाकेदार मल्लूवर डोळा ठेवून होता. एका सशापायी त्यानं मल्लूला गावासमोर झाडाला बांधून मारलं होतं. म्हणून नदीपलीकडे जायचं, आंध्रात. संक्रांतीपासून मी बेत रचत होतो. नदी कुठे उतरायची, कुठल्या नाल्यानं वर चढायचं, तांदूळ किती, मीठ किती. होळीच्या सुट्टीचे तीन दिवस. पाटीवर नकाशा काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. त्या कोऱ्या, एकट्या दिवसांत मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

शिकारीला बंदी होती. मला माहीत होतं, मल्लूलाही माहीत होतं. तो म्हणाला, "पास असन तं येतो, गुरुजी. नाई तं नाई. मले पुन्हा मार नाई खाचा."

मल्लूशिवाय माझा बेत म्हणजे पाटीवरच्या चार रेघा. असा शिकारीचा पास कोणी देत नाही, हे मला माहीत होतं. खोटा पास लिहावा? तो गुन्हा होता, आणि अक्षर माझं ओळखलं गेलं असतं. मग मी काय केलं? शाळेच्या पेटीतून एक जुनं सरकारी पत्र काढलं. छपराची फुटलेली कवेलू बदलण्याबद्दलचं. खाली गोल शिक्का, कोणाची तरी लांबलचक सही. ते मल्लूला दिलं आणि म्हणालो, "हा घे. पलीकडे चालतो."

माझ्या हातची एक रेघ त्यावर नव्हती. उद्या काही झालं तर मी नामानिराळा — हे मी तेव्हाच मनाशी धरलं होतं. आमच्या घरी दर पौर्णिमेला पंचशील म्हटलं जायचं. जीव मारू नये, खोटं बोलू नये. दोन्ही मला तोंडपाठ. मल्लूनं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि डोक्याच्या फडक्यात खोवला.

आम्ही उजाडता उजाडता नदी उतरलो. पाणी कमरेएवढं. शिकारीला कुठे चाललो ते घरी सांगायचं नाही, असा मल्लूचा रिवाज होता. त्यानं सोमीला सांगितलं नव्हतं. मी तर कोणालाच नाही; गावाला वाटलं, मास्तर सुट्टीत घरी गेला.

पहिल्या सकाळी मी एक कोंबडा पाडला. लाल-सोनेरी, मानेची पिसं उन्हात जळत होती. मल्लू हसला. त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. लपवून काय करू?

दुसऱ्या सकाळी मी झुडपात बसलो होतो. मल्लू तीस-चाळीस पावलांवर, आमच्या कोंबड्याची दोरी बांधत. नाल्यातून खाकी कपड्यातली दोन माणसं वर आली. मल्लूनं त्यांना माझ्याआधी पाहिलं. तो पळू शकला असता. त्या रानात मल्लू पळाला असता तर कोणाच्या हाती लागला असता? पण तो पळाला नाही. उभा राहिला. कारण त्याच्याजवळ पास होता.

त्यानं फडक्यातून पिशवी काढली आणि दोन्ही हातांनी कागद पुढे केला. एकानं तो उलटसुलट पाहिला, चुरगळला आणि त्याच्या थोबाडीत मारली. मग काठ्या. धनुष्य गुडघ्यावर घालून मोडलं. मल्लू खाली पडला. त्यातला एक त्याच्या उजव्या हातावर बूट रोवून उभा राहिला आणि विचारू लागला, बरोबर कोण आहे. तेवढी तेलुगू मला कळत होती. मल्लूनं माझ्या झुडपाकडे पाहिलंही नाही. तो म्हणाला, एकटाच आहे.

मी बाहेर आलो का? नाही. श्वास रोखून बसलो. मी मास्तर होतो, चार शब्द बोललो असतो, निदान तो बूट तरी उचलला गेला असता. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं — नोकरी जाईल. त्याला घेऊन ते गेले. दिसेनासे झाले तरी मी बराच वेळ हललो नाही. मग माझं धनुष्य नाल्यात फेकलं आणि नदी उतरून परत आलो.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही. मला जे सांगायचं आहे ते पुढे आहे.

चौथ्या दिवशी सोमी शाळेच्या दारात आली. आत आली नाही. "गुरुजी, ते कुठी गेले? तुमाले काई बोलले का?" मी म्हणालो, मला काही माहीत नाही.

गावाला वाटलं, वाघ नाहीतर अस्वल. माणसं गोळा झाली, अलीकडचं रान धुंडाळायला निघाली. मीही निघालो. न जाऊन कसं चाललं असतं? चार दिवस सकाळी मुलांना सुट्टी देऊन मी त्यांच्याबरोबर रानात हिंडलो. सगळे रांगेत चालायचे आणि हाका मारायचे. मीही हाक मारली. मल्लू — मल्लू — असं घसा फुटेपर्यंत ओरडलो. तो तिथे नाही हे त्या सबंध रानात मला एकट्याला माहीत होतं. सोमी माझ्या बाजूनं चालायची. प्रत्येक झुडूप वाकून बघायची, खाली चिंधी दिसते का, हाड दिसतं का. तिसऱ्या दिवशी तिचे पाय फुटले. माझ्या पिशवीत मलम होतं, ते मी तिला दिलं. तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. तेव्हाही मी बोललो नाही.

आठव्या दिवशी पलीकडच्या एका मीठवाल्यानं बाजारात सांगितलं की तुमच्या गावचा माणूस तिकडे कोठडीत आहे. सोमी तिथेच खाली बसली आणि हसायला लागली. जिवंत आहे म्हणून. त्या वर्षी तिनं मोह एकटीनं वेचला, तेंदूपत्ता एकटीनं तोडला. मी शाळेत पाढे शिकवत होतो.

मल्लू पावसाळा सरता सरता सुटला. अर्धा उरला होता. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली होती, मूठ मिटत नव्हती. गावात आल्या दिवशीच तो माझ्याकडे आला. भिंतीला टेकून बसला. मला वाटलं, आता विचारेल. आणि खरं सांगू — त्यानं विचारावं असंही वाटत होतं.

तो म्हणाला, "त्यायले मराठी वाचता नाई येत, गुरुजी. पास तं खरा होता ना?"

सुटायची वाट त्यानंच मला दिली. त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता, मी नीट पाहिलं. मी म्हणालो, "हो. खरा होता."

"मी बी तेच सांगून राह्यलो होतो तिथी," तो म्हणाला. "कोणी आयकेच ना." मग वाकडी बोटं चोळत म्हणाला, "पुढच्या फागुनले तेलुगूत लिहून आणा. मले आता ताणता येत नाई. तुमी ताणा. मी कोंबडा बसवतो."

मी म्हणालो, आणतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी बदलीचा अर्ज केला. पौषात हुकूम आला. सामान बैलगाडीत चढवायला मल्लूच आला होता, डाव्या हातानं पेटी उचलत होता. मी निघालो. त्या गावाला पुन्हा गेलो नाही.