चाकणचं बीपी

वर्ष संपत आलं की आमच्या फॅमिली मेडिसिन विभागाचा कामगिरी अहवाल निघतो. वर्षभरात काय काय केलं, ते विद्यापीठाला छापील हवं असतं. मी विभागाचं ऑफिस सांभाळते. शोधनिबंध, शिबिरं, बक्षिसं, फोटो असे कप्पे करायचे, ज्याच्याकडून जे यायचं ते मागे लागून मिळवायचं, तपासायचं आणि छपाईला द्यायचं. डॉक्टर लोक काय काय फुगवतात ते मला पाठ आहे. नर्सिंगच्या पोरींसमोर केलेलं भाषण राज्यस्तरीय व्याख्यान होऊन येतं. मागच्या वर्षीचं शिबिर नव्या फोटोनिशी परत हजर होतं. मी ते काढून टाकते आणि सहसा कुणी भांडायला येत नाही.

यंदा पहिल्या पानावर चाकणची ओपीडी घ्यायची, असं आमच्या विभागप्रमुख सरांनी ठरवलं. दर शनिवारी कॉलेजची व्हॅन चाकणला जायची. कांदा मार्केटच्या मागे टायरच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, दुकानवाल्या चाचांनी वापरायला दिलेल्या. तिथे कंपन्यांमधल्या कंत्राटी कामगारांचं बीपी मोजायचं आणि महिन्याच्या गोळ्या द्यायच्या. ओपीडी चालवायची ती आमची तरुण लेक्चरर, लातूरकडची. तिची नेमणूक वर्षाच्या करारावर होती. मार्चमध्ये कायम व्हायचं, नाहीतर दुसरीकडे नोकरी शोधायची. यंदाचा अहवाल चांगला झाला तर तुझं काम होईल, असं सरांनी तिला सांगितलेलं होतं. विभागात सगळ्यांना ते माहीत होतं.

तिने दिलेला मजकूर वाचून मी चष्मा पुसला. चाकणच्या जवळजवळ सगळ्या पेशंटांचं बीपी आटोक्यात होतं.

मला स्वतःला बीपी आहे. आजूबाजूला डॉक्टर, गोळी वेळेवर, थेरगावात घरचं अळणी जेवण, तरी माझं मेलं खाली येत नाही. आणि हे लोक उभ्याने ओव्हरटाइम करणार, वडापाववर दिवस काढणार, एका खोलीत पाच-सहा जण झोपणार, आणि बीपी म्हणे एकशेवीस-ऐंशी. मी ते पान बाजूला ठेवलं.

मग मला सगळंच खटकायला लागलं. मी तिच्या टेबलाशी गेले की ती लॅपटॉप मिटायची. पेशंटांचे फोटो मागितले तर म्हणाली, त्यांना फोटो आवडत नाहीत. जेवताना चाकणचा विषय काढला की तिला हटकून एखादा फोन करायचा असायचा. पोरगी घरी बसून आकडे भरतेय, असं मी मनात ठरवूनच टाकलं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "अहो, चांगलं झालं की तुम्हाला झोप येत नाही."

पुढच्या शनिवारी ओपीडीचे फोटो काढायचं निमित्त करून मी व्हॅनमध्ये बसले. मला बघून तिचा चेहरा उतरला. मी तो नीट बघून ठेवला.

चाकणला रांग खरी होती, पेशंट खरे होते. सिस्टर दाराशी बसून बीपी मोजत होती आणि आकडा कार्डावर लिहीत होती. ते कार्ड घेऊन पेशंट आतल्या खोलीत मॅडमकडे जायचा. मी उभी राहून प्रत्येक आकडा मशीनवर वाचला. एकही खोटा नव्हता. मला जरा हिरमुसल्यासारखंच झालं.

तेवढ्यात चौकड्यांच्या शर्टातला एक पोरगेला माणूस गोळ्या घेऊन बाहेर आला आणि परत रांगेत जाऊन उभा राहिला. हातात दुसरं कार्ड. सिस्टरची मान खाली होती. तिने पट्टा बांधला, मोजलं, लिहिलं.

मी त्याला जिन्यात गाठलं आणि विचारलं, यातलं तुझं कार्ड कुठलं?

"माझं? मला कुठं बीपी हाय, मावशी?" तो म्हणाला. "ही रूमवरल्यांची हायेत."

त्याने लपवलं काहीच नाही. रूमवर पाच जण होते, त्यातल्या तिघांना बीपी. शनिवारी खाडा केला तर ठेकेदार पुढच्या आठवड्यात बोलावत नाही. म्हणून बाकीच्या दोघांपैकी ज्याची नाईट असेल तो दिवसा सगळ्यांची कार्डं घेऊन येतो. रेशन आणतात, गॅस आणतात, तशाच गोळ्या. बाकीच्या रूमवाल्यांचंही तसंच चालतं, म्हणाला.

"पण मग स्वतःचं मोजून कशाला घेतोस?"

"सिस्टर म्हंत्यात, मोजल्याबिगर गोळी न्हाई. मग देतो हात पुढं. आपलं काय जातंय?"

मोजल्याशिवाय गोळी द्यायची नाही, हा नियम सरांचा. भिंतीवर लावलेला होता. म्हणजे मोजायचं एकाच्या दंडावर, लिहायचं दुसऱ्याच्या कार्डावर, आणि त्या आकड्यावरून गोळी वाढवायची की नाही ते ठरवायचं. यातल्या एका कार्डाचा मालक वेल्डर होता. त्याचं डोकं सारखं दुखतं, असं हाच सांगत होता. कार्डावर मात्र वेल्डर ठणठणीत होता.

परतीच्या व्हॅनमध्ये सिस्टर पुढे झोपली होती. मी मॅडमला सरळ विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं का?

 ती म्हणाली, गणपतीनंतर लक्षात आलं. रांगेत तेच तेच चेहरे दिसायला लागले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर दुसऱ्याच्या हाती गोळ्या देणं बंद झालं असतं, ताई. स्वतः कोण येणार होतं?" मग ती म्हणाली, "आणि माझी कायम व्हायची ऑर्डर. ती पण होतीच की डोक्यात. उगाच खोटं कशाला बोलू."

या दोन्हीतलं आधी कुठलं आलं असेल, ते मला आजही सांगता येणार नाही. सरांना तुम्हीच सांगा, सोमवारी संध्याकाळपर्यंत मी थांबते, एवढं मी म्हणाले.

सोमवारी सकाळीच ती केबिनमध्ये गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. चाकणला आता संध्याकाळी रूमवर जाऊन मोजायचं, सरांनी परवानगी दिलीय, एवढंच बोलली. मग सरांनी मला बोलावलं. पहिल्या पानावर नुसतं औषधवाटप लिहा, म्हणाले, बीपीचा उल्लेख नको.

मी विचारलं, मॅडमच्या ऑर्डरचं काय? या प्रकारामुळे ऑर्डर अडली, तर निदान तिला तसं स्पष्ट सांगावं, असं माझ्या मनात होतं.

सरांनी पेनचं टोपण लावलं. "या प्रकाराचा काही संबंध नाही. जागाच मंजूर झालेली नाही. दिवाळीच्या आधीच कळलं मला."

"तिला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर शनिवारी चाकणला कोण गेलं असतं?"

सर वाईट नाहीत. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलंय. पण त्या दिवशी मी त्यांच्याकडून आलेली अहवालाची सगळी पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

पुढच्या शनिवारी दुपारनंतर व्हॅन निघाली. कुठल्या रूमवर कोण कधी सापडेल याचा तक्ता मी केला होता, म्हणून मीही होते. भोसरी मागे पडल्यावर मी तिला जागेचं सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. सरांना कधीपासून माहीत होतं, एवढंच तिने विचारलं. मी सांगितलं.

"ताई, विभागाचं सगळं टपाल तुमच्याच टेबलावरून जातं ना?"

जागा नामंजूर झाल्याचं पत्र सरांच्या ईमेलवर परस्पर आलं होतं, असं मी म्हणाले. ते खरंच होतं. पण माझ्याच तोंडून ऐकताना मला ते कच्चं वाटलं. समोरचं माणूस असं काही सांगतं तेव्हा मी लगेच पुढचा प्रश्न विचारते.

तिने विचारला नाही. मान हलवली आणि बीपीच्या मशीनची बॅग माझ्या बाजूच्या सीटवरून उचलून आपल्या मांडीवर घेतली.