लोखंडात हातभर प्लास्टिक

वैजनाथ आमच्या सोसायटीचा माळी. त्याआधी तो मार्केट यार्डात पोती उचलायचा. त्याच्याही आधी अंबाजोगाईकडे लोकांच्या शेतात तुषार सिंचनाचे पाइप जोडायचा. वाघोलीतल्या आमच्या पाच इमारतींच्या मधली हिरवळ त्याने गवताचा एकेक चौकोन बसवून केली. हे मला त्यानेच सांगितलं, सकाळच्या चहावर. मी मराठीत एम.ए. आहे हे कळल्यापासून तो मला लेखक म्हणतो. मी खराडीत बसून फ्रिजची माहितीपत्रकं लिहितो.

दिवाळीनंतर फवाऱ्यांचा लोखंडी पाइप गळायला लागला. फवारे नुसते थुंकायचे. लांबची बाजू पिवळी पडली. वैजनाथने नवा पाइप मागितला. कमिटी म्हणाली, तीन कोटेशन आणा. दोन आली. तिसऱ्याची वाट बघण्यात दीड महिना गेला. तोवर तो सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळत राहिला.

मग नोटीस लागली. रविवारी साडेनऊला सभा. विषय एकच : हिरवळ काढून ब्लॉक बसवायचे आणि गाड्या लावायच्या, की नाही.

सेक्रेटरी शेफाली मॅडम वैजनाथला म्हणाल्या, "फवारे चालताना दिसले तर लोक थांबतील. वाळलेल्या गवताला कोण मत देणार?"

हिरवळ गेली तर माळी कशाला हवा, हे कुणी बोललं नाही.

शनिवारी दुपारी त्याने खड्डा खणून पाइपचा सडलेला भाग कापून काढला. गंजाचे पोपडे हातावर निघाले. लोखंडाच्या दोन्ही टोकांना त्याने नवे आटे पाडले आणि मध्ये हातभर प्लास्टिकचा पाइप बसवला. एका बाजूला युनियन लावलं. म्हणजे पुढे कधी गरज पडली तर नट फिरवून उघडता येणारा जोड. तो नट त्याने हातानेच आवळला.

"पाना नाही लावत?" मी विचारलं.

"लेखक, हे लोखंड न्हाई. जास्त पिळलं की तडकतं."

रविवारी सकाळी आठला त्याने व्हॉल्व्ह उघडला. सगळे फवारे फिरले. पार पिवळ्या कोपऱ्यापर्यंत. वैजनाथ हसला नाही. फक्त विडी शिलगावली.

तेवढ्यात बाळकाका फिरून आले. आमचे चेअरमन. कारखान्यातून निवृत्त झालेले. ते वाकले. युनियनखाली एक थेंब लोंबकळत होता.

"हे काय?"

"बसंल साहेब. बंद करून टेपचे दोन फेरे देतो."

"टेप कसली? आवळ जरा."

"प्लास्टिक हाय साहेब."

"अरे, एकतीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली मी. तू मला जोड शिकवतोस? आण तो पाना इकडे."

त्याने पाना दिला. तो नाही म्हणू शकला असता का, याचा मी अजून विचार करतो. बाळकाकांनी दोन्ही हातांनी पाना ओढला. पहिल्या ओढीत थेंब थांबला. "बघ," ते म्हणाले, आणि आणखी एकदा ओढला.

कट्. नट उभा चिरला. पाणी त्यांच्या पांढऱ्या बुटांवर आलं.

"माल हलका आणलास," बाळकाका म्हणाले, आणि बूट बदलायला गेले.

वैजनाथ व्हॉल्व्ह बंद करायला धावला. हार्डवेअरचं दुकान दहाला उघडतं. सभा साडेनऊला.

सभेत कुणीतरी विचारलं, फवारे बंद का? शेफाली मॅडमनी वैजनाथला पुढे बोलावलं. "काय झालं हो?"

वैजनाथने बाळकाकांकडे पाहिलं. ते मोबाइल बघत होते.

"नट तडकला. पाना जास्त फिरला."

"कुणाच्या हातून?"

"माझ्याच."

मी सर्वांत मागे उभा होतो. भाडेकरूंना सभेत उभं राहता येतं, बोलता येत नाही. बाळकाकांनी मोबाइल खाली ठेवला, घसा साफ केला. मला वाटलं, आता सांगतील.

"प्लास्टिकवर किती दिवस काढणार?" ते म्हणाले. "मतं घ्या."

ब्लॉक मंजूर झाले. माळीकाम महिनाअखेरपर्यंत.

मी वैजनाथच्या मागे खड्ड्यापर्यंत गेलो. मला ओरडायचं होतं. कुणावर, ते ठरत नव्हतं.

"तू का घेतलंस अंगावर?"

"मला वाटलं, ते म्हनतील. न्हाई रे, मी केलं, असं. मोठा मानूस. चार लोकांत मी कसं नाव घेऊ? त्यांनी म्हनायला पाहिजे होतं."

"पण ते म्हणाले नाहीत ना!"

"तुम्हीबी होता की तिथं."

"मी भाडेकरू आहे, वैजनाथ."

"हां," तो म्हणाला.

त्याने चिरलेला नट खिशात टाकला, नमुना म्हणून, आणि दुकानाकडे निघाला. जाता जाता मला म्हणाला, व्हॉल्व्हला कुणाला हात लावू देऊ नका.