काळोख्या जिन्यातलं कर्तव्य

वसंता अक्कांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"चूक आहे?" मी विचारलं.

"स्पेलिंग बरोबर आहे. मजकूर पुन्हा ऐक."

एग्मोरच्या ब्रेल छापखान्याच्या ऑफिसात आम्ही सहावीच्या नागरिकशास्त्राचं ब्रेल प्रूफ तपासत होतो. अक्कांना जन्मापासून दिसत नाही. त्या उठावाचे ठिपके बोटाने वाचतात, मोठ्याने. मी छापील पुस्तकाच्या प्रूफाशी ताडून बघते. चित्राच्या जागी आम्ही वर्णन देतो. हे वर्णन मीच लिहिलं होतं: 'मुलगा आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडायला मदत करतो. मुलाचं कोणतं कर्तव्य दिसतं?'

"तीस वर्षं प्रत्येक पुस्तकात मला रस्ता ओलांडून देतात," अक्का म्हणाल्या. "आता हे वाचणार आंधळी पोरं. त्यांचं कर्तव्य काय? मदत घेणं?"

मी म्हटलं, "त्याऐवजी काय घालायचं?"

"पुराच्या वर्षी आमच्या बिल्डिंगचा तळमजला बुडाला. करंट नाही, मोबाइल बंद. पहिल्या मजल्याच्या गॅलरीशी बचावाची होडी लागली. पण जिन्याला खिडकी नाही. भर दुपारी मिट्ट काळोख. वरचे लोक उतरेनात, कडेवर पोरं. मग मी पुढे झाले. एकीने माझा पदर धरला, तिचा दुसरीने. मला पायऱ्या पाठ. सगळे उतरले."

"अक्का, कधी बोलला नाहीत!"

"अय्यो, त्यात काय सांगायचं? शेजारी ते."

सहा वर्षं मी रोज संध्याकाळी, न विचारता, या बाईंचं कोपर धरून त्यांना स्टेशनपर्यंत नेत होते.

मी अड्यारला, छापील पुस्तकाच्या प्रकाशनाच्या संपादकांना फोन लावला.

"मॅडम, ब्रेल छापील पुस्तकासारखंच हवं. नियम आहे."

"मग छापील बदला, सर."

"पानं उद्या प्रेसला जातायत!"

मी फोन अक्कांच्या हातात दिला. त्यांनी जिन्याची गोष्ट पुन्हा सांगितली, तितक्याच शांतपणे.

"चार ओळींत बसेल?" पलीकडून सर म्हणाले.

बसलं. चित्र गेलं, जिना आला, दोन्ही पुस्तकांत. अक्कांनी एक प्रश्न हट्टाने वाढवला: 'पदर धरणाऱ्यांचं कर्तव्य काय?'

"उत्तर काय द्यायचं?" मी विचारलं.

"मागून ढकलायचं नाही."

हल्ली कुठलंही वर्णन लिहिण्याआधी मी एवढंच बघते, की चित्रातल्या माणसांपैकी कोणाकोणाच्या हातात ते पुस्तक पडणार आहे.