मोहनमाळेतला काळा मणी

आई गेली तेव्हा मी इंदूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून तिथवर कोणी पोचलं नव्हतं. वडील, म्हणजे आमचे दादा, देवासला वाड्यावरच्या मुदपाकखान्यात आचारी होते. माझ्या फीसाठी आईनं आपली सोन्याची मोहनमाळ मोडली होती. हळदीकुंकवाला गळा ओका दिसू नये म्हणून तिनं सोनाराकडून तशीच तांब्याची माळ करून घेतली, वर सोन्याचं पाणी दिलेली. हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

शेवटच्या घटकेला उशाशी धारची आत्या होती. दादा वैद्यांकडे धावले होते, मी वाटेत होतो. जाणाऱ्याच्या तोंडात तुळस आणि सोनं ठेवायचं, म्हणून आत्यानं घाईघाईनं त्या माळेतलाच एक मणी तोडून घातला.

तिसऱ्या दिवशी दादा, आत्याचे यजमान आणि मी अस्थी वेचायला गेलो.

"नीट उकरा. सोनं कुठं जातंय?" आतोबा म्हणाले. "आमच्या हिनं स्वतःच्या हातानं तोंडात घातलंय."

दादांनी राखेतून मणी उचलला. काळाठिक्कर. अंगठ्यानं चोळला तसे पापुद्रे सुटले आणि आतून तांबूस रंग दिसला.

"तांबं," ते म्हणाले. त्यांचा सारा जन्म चुलीपुढे, तांब्याच्या भांड्यांत गेला होता. मग हळूच म्हणाले, "सोन्यावाचून गेली."

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय ते समजलं असावं. दादा तसेच बसून राहिले. अस्थींना हात लावीनात.

"दादा, एक सांगू का?" मी विचारलं.

"कॉलेजातलं असेल तर नको रे बाबा. मसणात शाळा भरवू नकोस," आतोबा म्हणाले.

"बोलू द्या त्याला."

मला नीट सांगता आलं की नाही, कोण जाणे. म्हणालो, कोळसा, गंधक हे धातू नव्हेत. ते जळले की त्यांची हवा होते, आणि ती पाण्यात मिसळली तर पाणी आंबट होतं. धातू जळला तर त्याची राख मागे राहते, आणि चुन्यासारखी राख पाण्यात कालवली तर ते पाणी आंबटाच्या उलट गुणाचं होतं. तांबं काळं पडतं, सोनं तेवढं जळत नाही. आईच्या अंगातलं जे धातू नव्हतं ते बहुतेक धुरावाटे गेलं. ही पांढरी हाडं उरली, कारण त्यांत चुन्याचा धातू आहे.

"चुन्यात धातू?" दादांनी विचारलं.

"हो. शुद्ध केला तर चांदीसारखा चमकतो म्हणे. मी पाहिलेला नाही."

"सगळ्यांच्याच हाडांत असतो?"

"सगळ्यांच्याच."

"मग त्यात तिचं काय विशेष?"

मी दुधाचं भांडं त्यांच्या हाताशी सरकवलं.

दादांनी एक हाड उचललं, त्यावर दूध शिंपडलं, मडक्यात ठेवलं. मग दुसरं. त्यांचा हात फार जपून चालत होता. शेवटी मणी तेवढा राहिला.

"तो राहू द्या," आतोबा म्हणाले. "मी चोख सोनं आणतो, ते अस्थींत घालू."

"नको. हा तिनं जाणून गळ्यात घातला होता," दादा म्हणाले, आणि तो काळा मणी त्यांनी हाडांमध्ये ठेवला. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधता बांधता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तेरावा झाला की इंदूरला जा. तो चुन्यातला धातू डोळ्यांनी पाहून ये."