ढोणे की सावंत

रविवारची दुपार. जेवण होऊन तास झालाय. घरतांची कुंदा पलंगावर डाव्या कुशीवर पडली आहे. डोळे मिटलेत, पण झोप अजून दारातच उभी आहे. ये म्हटलं तर येत नाही, जा म्हटलं तर जात नाही. पंख्याचा आवाज मधूनच लांब जातो, मधूनच कानाशी येतो. उशीशेजारी तिच्या नवऱ्याचा, मोरेश्वरचा मोबाइल आहे. मोरेश्वर जाऊन नऊ आठवडे झाले. मोबाइल मात्र रोज चार्ज होतो.

त्याचं कारण सांगायला हवं. मोरेश्वर आणि त्याचे सात दोस्त पेणजवळच्या एकाच गावातले, जवानीत एकाच मंडळाकडून कबड्डी खेळलेले. गुडघे गेले तेव्हा त्यांनी मोबाइलवरची कबड्डी धरली. टीव्हीवर जी लीग चालते तिच्यातले सात खेळाडू प्रत्येकाने आपल्या संघात घ्यायचे; त्यांनी खऱ्या सामन्यात मिळवलेले गुण ते आपले. एक खेळाडू एकाच संघात. दर रविवारच्या फेरीला फक्त एक बदल करायचा, तोही पहिला सामना सुरू व्हायच्या आत. बदल केला नाही तर आधीचेच सातजण आपोआप उतरतात.

इथेच गोंधळ झाला. मोरेश्वर दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी, शनिवारी गेला. त्याचा संघ यादीतून काढायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असेल त्याचा हात धजला नाही. गुरुवारी संध्याकाळी त्याने निवडून ठेवलेले सातजण त्याच्या माघारी दर रविवारी मैदानात उतरत राहिले आणि जिंकत राहिले. आज शेवटची फेरी आहे. मोरेश्वर दुसरा आहे, पहिल्या नंबरच्या दामा भगतच्या चार गुण मागे. ‘मेल्यावरसुद्धा सुखाने खेळू देत नाही मोऱ्या,’ असं दामाने दोस्तांच्या ग्रुपवर लिहिलं होतं. त्याखाली कुणीच हसलं नाही.

आता अडचण अशी, की त्या सातांतला ऋषभ ढोणे, तेवीस वर्षांचा चढाईपटू, बुधवारी सरावात उजव्या गुडघ्यावर आपटलाय. खेळणार की नाही ते सामन्याच्या तोंडावर कळेल. तो उतरला नाही तर शून्य. कुणीच न घेतलेला एक बरा चढाईपटू उरलाय, नवनाथ सावंत. छत्तीस वर्षांचा, वेग गेलेला, पण रिकाम्या हाताने क्वचितच परतणारा. ढोणेला काढून सावंतला घेतलं की काम झालं. पण मोरेश्वरने त्या गुरुवारी केलेला बदल नेमका उलटा होता: सावंत बाहेर, ढोणे आत. त्याच्या हाताने झालेलं शेवटचं असं या घरात तेवढंच उरलंय. त्याच्या शर्टांना आता कपाटाचा वास येतो.

काल दामा येऊन गेला.

“वहिनी, सावंतला घ्या. ज्याचं नुकसान होणाराय तोच सांगतोय.”

“मग तुम्ही हराल की भाऊजी.”

“हरू द्या. मोऱ्याकडून हरायची सवय आहे मला.”

कुंदाने बघते म्हटलं होतं. साडेसातच्या आत बघायचं आहे.

पंख्याचा आवाज थांबतो.

“चहा टाकतेस का?” स्वयंपाकघरातून आवाज येतो.

कुंदा उठत नाही, तरी ती ओट्यापाशी आहे. मोरेश्वर पाटावर बसलाय. अंगात पंचाचा पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. त्याला बघून तिला आश्चर्य वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की दूध कमी आहे.

“साखर?” ती विचारते.

“घाल आता हवी तेवढी.”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं तेव्हाही हेच म्हणायचात.”

“मग बदललं काय?”

ती आधण ठेवते. त्याच्याकडे नीट बघायची तिला भीती वाटते. बघितलं तर तो नसेल अशी. पाठमोरीच विचारते, “ढोणे की सावंत?”

“सावंत? खेळतो अजून तो?”

“गेल्या रविवारी नऊ गुण केले त्याने. दोन तर बोनसचे.”

“अगं, तू कधीपासून बघायला लागलीस? टीव्हीवर कबड्डी लागली की तुझं डोकं दुखायचं. आत जाऊन पडायचीस.”

“तुम्ही गेल्यापासून नाही दुखत.”

तो हसतो. हसताना खालच्या दातांमधली फट दिसते, म्हणजे तिने बघितलंय. तो आहे.

ओट्याच्या काळ्या दगडावर पांढरी रेघ आहे. पीठ सांडलं असेल म्हणून ती पुसायला जाते, तर ती मैदान आखायच्या फक्कीची रेष निघते आणि रेष लांबत लांबत जाते. दोघं मैदानात उभी आहेत, अनवाणी. कुंदाच्या हातात चिमट्यात धरलेलं चहाचं भांडं तसंच आहे. ऊन आहे, पण अंगाला लागत नाही. मैदानाच्या टोकाला, बाद झालेले खेळाडू बसतात तिथे, दवाखान्यातली लोखंडी बाकं मांडलीत. मोरेश्वर त्यातल्या एका बाकावर जाऊन बसतो, हातात नंबराचा कागद.

“कितवा नंबर?” ती विचारते.

“लिहिलेला नाही.”

“मग बसलात कशाला?”

“कागद दिला, बसलो.”

कुंदा शेजारी बसत नाही. ती मैदानाकडे बघते. समोरच्या अंगणात सात जण हात धरून उभे आहेत, पण चेहरे ओळखू येत नाहीत.

“एक सांगा. आपल्या कुणी गुण केला, की बाद झालेला गडी परत आत येतो ना?”

“येतो.”

“मग मी जाते चढाईला.”

“तू?” तो तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतो. “पदर तरी खोच आधी. आणि ते भांडं ठेव खाली, पंच चढाई बाद देतील.”

ती भांडं ठेवते, पदर खोचते. मग तिच्या लक्षात येतं की तो हसत नाहीये.

“कुंदा, बाद गड्यांच्या बाकावरून परत उठवतात, ह्या बाकावरून नाही.”

एवढंच तो म्हणतो, आणि ती खोचलेला पदर सोडते.

मग ती पुन्हा कामाचं विचारते, कारण वेळ चाललाय हे तिला स्वप्नातही कळतंय. “ढोणेचा गुडघा कसा आहे? तुम्हाला कळत असेल.”

“मला कसं कळणार?”

“काल टीव्हीवर म्हणाला, मी शंभर टक्के फिट आहे.”

“म्हणणारच की. कुठला खेळाडू म्हणतो मला बसवा? बोट तुटून लोंबत असलं तरी चिकटपट्टी गुंडाळतो आणि ओरडतो, काही नाही, काही नाही. दुखण्यापेक्षा बाहेर बसायची भीती मोठी असते, तुला नाही कळायचं.”

“मला नाही कळायचं,” कुंदा म्हणते. “तुम्हीही तसंच म्हणाला होतात.”

तो तिच्याकडे पाठ फिरवतो.

तिच्या तळव्याखाली त्याचा डावा खांदा आहे. घरातला पलंग, शनिवारची सकाळ, वाटीत कोमट केलेलं नारायण तेल. हा खांदा जिल्हा स्पर्धेत निखळला तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून थंडी पडली की तो दुखतो आणि कुंदा तेल लावते. कुठे दाबायचं, कुठे नुसता हात फिरवायचा, हे तिला डोळे बांधून सांगता येईल. त्या शनिवारी थंडी नव्हती. खांद्यापासून कोपरापर्यंत कळ येते म्हणाला. ती म्हणाली, जुनं दुखणं, जायचं कुठे. दहा मिनिटं चोळलं. मग तो शिट्टी घेऊन वडखळला स्पर्धेवर पंच म्हणून गेला आणि दुसऱ्या सामन्याच्या मध्यंतरात खुर्चीवर बसला तो उठला नाही. हे सगळं सगळ्यांना माहीत आहे. तेलाचं तेवढं कुंदाने कुणाला सांगितलेलं नाही. पनवेलच्या लेकीलाही नाही.

“खांदाच होता का तो?” ती विचारते.

“चोळ ना. थांबलीस का?”

“खांदा होता का?”

तो तिच्याकडे पाठ करून बसलाय. मान हलते, पण हो म्हणून की नाही म्हणून ते मागून कळत नाही.

“खांदा म्हटलं, की तू तेल आणतेस,” तो म्हणतो. “छाती म्हटलं असतं तर रिक्षा आणली असतीस.”

“आणलीच असती!”

“आणि उपांत्य सामन्याला पंच कोण होणार होतं? तो झोपाळू वामन? त्याला मध्यरेषा दिसत नाही.”

“आग लागो तुमच्या सामन्याला.” ती तेलाचा हात उगारते. “मारीन हं मी तुम्हाला.”

“मार. आता काही दुखत नाही.”

ती मारत नाही. “मी चोळत बसले,” ती म्हणते. “घड्याळ बघून दहा मिनिटं. तुमचं हृदय जात होतं आणि मी खांदा चोळत होते. मला सांगायचं होतंत.”

“बरं वाटत होतं गं.”

“कसलं बरं?”

“तू चोळत होतीस ते.”

तिला रडू येतं. हा बोलतोय की आपणच त्याच्या तोंडी घालतोय, याचा निकाल तिला लावता येत नाही. इथे दुसरा पंच नाही. पण एवढं तिला दिसतं, की खांद्याचं तो खोटं बोलला असेल तर आपण फसलो, आणि नसेल तर दोघंही फसलो. दोन्हीकडून तो खुर्चीवर बसतो आणि उठत नाही.

मैदानात ऊन उतरलंय. चहाचं भांडं जमिनीवर आहे, चहा थंडगार, वर साय.

“ढोणेला राहू दे,” मोरेश्वर म्हणतो. “हरलो तर हरलो. दाम्याचं तरी तोंड गोड होईल.”

तिलाही हेच ऐकायचं होतं, असं तिला काल रात्रीपर्यंत वाटत होतं. सातही नावं तशीच राहतील.

“नाही,” कुंदा म्हणते.

“का?”

“फिट नसताना फिट आहे म्हणणाऱ्याला मी पुन्हा मैदानात पाठवणार नाही.”

मोरेश्वर तिच्याकडे बघत राहतो. मग शिट्टी ओठांशी नेतो, वाजवत नाही. “मग मला कशाला विचारायला आलीस?”

“विचारायला नव्हते आले.”

“माहितीये,” तो म्हणतो.

मध्यरेषा चार पावलांवर आहे. तिकडे जायचं आहे हे तिला कुणी सांगत नाही, पण तिला ठाऊक आहे. ती एक पाऊल टाकते, दुसरं टाकते, आणि थांबते.

“धरा ना,” ती मागे न बघता म्हणते. “एवढ्या लोकांना धरलंत.”

मागे काही हालत नाही. मग तो बसतो. मोरेश्वर घरत डाव्या कोपऱ्यात खेळायचा, आणि त्याच्या हातात घोटा आला की जिल्ह्यातले भलेभले चढाईपटू जागच्या जागी बसायचे. तो हात तिच्या डाव्या घोट्याभोवती आवळला जातो. पक्का, कोरडा, गरम. तिचा श्वास अडकतो. एक क्षण तिला वाटतं, झालं, आता परत जायला नको.

“दम सोडू नकोस,” तो खालून म्हणतो.

“सोडला तर?”

त्याची बोटं सुटतात, आधी करंगळी, मग एकेक, सगळ्यात शेवटी अंगठा. ती रेषेपलीकडे पडते.

पावणेपाच झालेत. पंखा चालू आहे. खिडकीतलं ऊन कपाटावरून भिंतीवर गेलंय. कुंदाचा डावा पाय चादरीबाहेर आहे, आणि घोट्यावर चार लालसर वळ आहेत, आतल्या बाजूला पाचवा, जाड.

ती उठून बसते. चादर चाचपते, कुठे चुणी नाही. पलंगाची कड गुळगुळीत आहे. वळांवर ती आपली बोटं ठेवून बघते, तर ती बसत नाहीत, वळ रुंद आहेत. अंगठा आत यायला हात उलटा वळवावा लागतो. असा घोटा धरायचा तर माणूस मागे, खाली बसलेला पाहिजे.

मग ती मोबाइल उघडते. ढोणेच्या नावावर बोट ठेवते, तो बाहेर जातो. रिकाम्या जागी सावंत येतो. ‘बदल कायम करायचा?’ असं पडद्यावर येतं. ती हो वर बोट टेकवते, आणि बोट उचलायला तिला वेळ लागतो.

पाच मिनिटांत ग्रुपवर दामा. ‘मोऱ्याच्या संघात बदल?? कुणी केला?’

या ग्रुपवर कुंदाने आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. ती एकेक अक्षर शोधत लिहिते, ‘मी. कुंदा.’

उत्तर यायला उशीर होतो. मग, ‘शाब्बास वहिनी. आता दया नाही.’

सहापर्यंत बोटांचे वळ विरून जातात. साडेसातला पहिली चढाई होते, तेव्हा कुंदा टीव्हीसमोर डावा पाय स्टुलावर ठेवून बसली आहे. अंगठ्याचा वळ अजून तिथे आहे.