न उघडणारं पान

माहितीच्या महाजालाने माणसं जवळ आणली, असं तुर्भ्यातल्या आमच्या क्लासच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. त्या अक्षरांखाली उलव्याचे एक काका बसायचे. आम्ही सगळे नोकरीसाठी वेबपेज बनवायला शिकत होतो, ते मुलीसाठी. तिने परजातीत लग्न केलं म्हणून त्यांनी तिला घराबाहेर काढलं होतं, आणि तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती. “तोंडानी बोलवत नाय, म्हनून पान,” एवढंच ते मला म्हणाले होते.

ते एका बोटाने टाइप करत आणि प्रत्येक अक्षर पडद्यावर पोचलं का, हे मान वर करून बघत. अखेर पान झालं. अंगणाचा फोटो, खाली ‘घरी ये’. त्यांनी पानाचा पत्ता मुलीला पाठवला. तो क्लासच्याच कॉम्प्युटरमधल्या फाइलचा होता, बाहेर कुठेही न उघडणारा. नवशिके ही चूक करतातच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना फोन दाखवला. मुलीने लिहिलं होतं, ‘उघडत नाही. परत पाठवा.’

“काका, पान इंटरनेटवर चढवावं लागतं,” सर म्हणाले. “सरका, मी करून देतो.”

काकांनी माउसवर पंजा दाबून धरला. “र्‍हाऊ द्या, सर. आता निदान इचारते तरी. उघडला आनी आली नाय, तर?”

अभ्यासक्रमात यावर काही नव्हतं. सर पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले.

कोर्स संपल्यावर आम्हा बाकी सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. पान उघडत नसल्यामुळे काका नापास झाले.